हेस्टिंग्ज ओल्ड टाऊन: लाकडी घरं एका दिवसात नीट कशी पाहावीत?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी बडोद्याहून चौघे लंडनला निघालो आहोत. दोघे सत्तरीच्या आसपासचे, त्यातल्या एकांचा गुडघा कुरकुरणारा. एक अख्खा दिवस हेस्टिंग्जच्या ओल्ड टाऊनसाठी राखून ठेवला आहे. १०६६ ची लढाई आणि किल्ला नाही पाहिला तरी चालेल, घरं मात्र नीट पाहायची आहेत. तांबेकरांचा वाडा आणि बडोद्याच्या पोळांतली, म्हणजे जुन्या बंदिस्त गल्ल्यांतली, कोरीव घरं पाहून सागाच्या घराची जाण थोडीफार आहे, ओकच्या घराची अजिबात नाही.

लंडनहून गाडी कुठली घ्यावी, आणि गल्ल्यांचा क्रम कसा लावला तर चढ कमी लागेल? फोटोत दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या घरांपैकी खरं जुनं कुठलं आणि मागाहून नटवलेलं कुठलं, हे रस्त्यावर उभं राहून कळतं का? वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला असतो, तो आपल्या झरोख्याचाच प्रकार का? समुद्राकाठच्या त्या उंच काळ्या लाकडी खोल्यांना 'नेट शॉप्स' म्हणतात, तिथे जाळी विकायचे का? आणि फोटो काढले, मापं घेतली तर कुणी हटकतं का?

सुरसागरची_पाळ

आधी गाडीचं सांगतो, कारण दिवस तिथेच हातातून जातो.

चेअरिंग क्रॉसहून हेस्टिंग्जला थेट गाडी आहे, लंडन ब्रिजलाही थांबते. दीड ते पावणेदोन तास लागतात. व्हिक्टोरियाहून ईस्टबोर्नमार्गे जाणारी गाडी लांबून जाते, ती टाळा. चौघे आहात तर 'ग्रुपसेव्ह' मागा: तीन ते नऊ जण एकत्र असतील तर गर्दीची वेळ सोडून तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. मात्र चौघांनी जाता-येता बरोबरच राहायला हवं. रविवार नको. रुळांची कामं बहुधा रविवारीच काढतात आणि मधल्या टप्प्यात बसमध्ये बसवतात.

तारीखही बघून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात. त्यानंतर सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो, आणि ओल्ड टाऊन दोन टेकड्यांच्या बेचक्यात असल्यामुळे गल्ल्यांत सावली त्याच्याही आधी येते. सकाळी साडेदहाला पोचलात तर हातात जेमतेम पाच तास उजेड.

आता जमीन. पूर्वेला ईस्ट हिल, पश्चिमेला वेस्ट हिल आणि मधून एकेकाळी समुद्राकडे वाहणारा बोर्न नावाचा ओढा. ओढा आता जमिनीखाली आहे, त्याच्या जागी 'द बोर्न' नावाचा मोटारींचा रस्ता आहे. हा रुंद रस्ता गेल्या शतकात काढला आणि त्यात बरीच जुनी घरं पडली, म्हणून मधला पट्टा उघडाबोडका दिसतो. तिथे रेंगाळू नका. या रस्त्याच्या एका अंगाला हाय स्ट्रीट, दुसऱ्या अंगाला ऑल सेंट्स स्ट्रीट. तुमचं सगळं काम या दोन समांतर गल्ल्यांत आणि त्यांना फुटलेल्या बोळांत आहे.

स्टेशनवरून समुद्राच्या कडेने सपाट रस्त्याने पंचवीसेक मिनिटांत जॉर्ज स्ट्रीट. तिथून हाय स्ट्रीटने हळूहळू वर चढायचं, वाटेत डाव्या हाताला थोडं आत सेंट क्लेमेंट्स चर्च. वरच्या टोकाला बोर्न रस्ता ओलांडला की ऑल सेंट्स चर्च. तिथून ऑल सेंट्स स्ट्रीटने उताराला लागायचं आणि खाली रॉक-अ-नोरच्या नेट शॉप्सपाशी उतरायचं. म्हणजे दुकानांची, बसायला जागा असलेली गल्ली चढाला येते आणि घरं निवांत बघायची गल्ली उताराला. उलट गेलात तर सगळ्यात सुंदर गल्ली मान खाली घालून धापा टाकत चढावी लागेल.

गुडघेवाल्यांसाठी एक सूचना. दोन्ही गल्ल्यांत काही ठिकाणी फूटपाथ रस्त्यापेक्षा बराच उंच आहे, कठडा लावलेला, चढायला पायऱ्या. एकदा चढलात की उतरायची घाई करू नका. तिथून समोरच्या घराचा पुढे आलेला मजला जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला येतो, कड्यांची, म्हणजे मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांची, टोकं नीट दिसतात. खाली रस्त्यावरून नुसती मान दुखते.

'लिफ्ट' हा शब्द वाचून फसू नका. दोन्ही टेकड्यांवर जायला रुळांवरचे डबे आहेत. पावागडच्या रोपवेसारखे हवेत लटकत नाहीत, एक खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो. वेस्ट हिलचा १८९१ चा, बराचसा बोगद्यातून जातो. ईस्ट हिलचा १९०२ चा, चढ ७८ टक्के, ब्रिटनमधला सगळ्यात तीव्र. त्याच्या वरच्या स्टेशनला किल्ल्यासारखे दोन बुरूज दिसतील. तो नुसता थाट नाही, त्यांत पाण्याच्या टाक्या होत्या. वरच्या डब्यात पाणी भरायचं, वजनाने तो खाली उतरायचा आणि दुसऱ्याला वर ओढायचा. १९७० च्या दशकात विजेवर केलं. दोन्ही डबे अधूनमधून दुरुस्तीला बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा आणि सगळा बेत त्यांवर बांधू नका.

ओक_आणि_साग

घर वाचायचं कसं, तेवढंच लिहिते.

पहिली गोष्ट, चौक शोधू नका. वाडा आत वळलेला असतो: बाहेर जाड विटांची भिंत, लाकडाचा सांगाडा आत, सगळं वैभव चौकात. हेस्टिंग्जच्या जुन्या घरात सांगाडा हीच बाहेरची भिंत. भूखंड रस्त्याला अरुंद आणि मागे लांबलचक, त्यामुळे जी काही मिरवणूक ती रस्त्याकडच्या तोंडावर. आपण वाडा खणांत मोजतो, तसं ते घर 'बे'मध्ये मोजतात. आपला खण पाच-सहा फुटांचा, त्यांचा बे साधारण बारा ते सोळा फुटांचा. रस्त्यावरून जाड उभे खांब मोजले की घर किती बेचं ते कळतं.

दोन खांबांमधली जागा भरायची पद्धत तुम्हाला अनोळखी नाही. तो आपला कूडच. ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत हेझल नावाच्या झुडपाच्या फोका विणायच्या, वर माती, शेण आणि चिरलेलं गवत यांचा लगदा, त्यावर चुन्याचा हात. कोकणातल्या कुडाच्या भिंतीत कारवी असते, इथे हेझल, एवढाच फरक.

आता खरं-खोटं. सांगाड्याचं घर हे सांध्यांचं घर आहे, म्हणून सांध्यांकडे बघा. ओक ओला असतानाच कापायचे, कारण वाळल्यावर तो हत्याराला दाद देत नाही. एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत घालायची आणि आरपार ओकची खुंटी ठोकायची. खुंटीची भोकं मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर चुकवून पाडलेली असतात, म्हणजे निमुळती खुंटी आत जाताना सांधा खेचून घट्ट होतो. लोखंडी खिळा नाही, कारण ओकमधलं टॅनिन लोखंडाला खातं आणि लाकडावर निळे-काळे डाग पडतात. तेव्हा खांब-तुळईच्या जोडावर खुंट्यांची गोल टोकं दिसली, बहुधा किंचित बाहेर आलेली, तर सांगाडा खरा. खांब वरच्या टोकाला जाड होत गेलेला दिसला तर आणखी चांगलं. झाडाच्या बुंध्याकडची रुंद बाजू मुद्दाम वर ठेवत, म्हणजे तुळई, वळचणीची पट्टी आणि खांब असे तिघांचे सांधे एका ठिकाणी मावतात. तिरके टेकू थोडे वाकडे असतात, ते वाकड्या फांदीतूनच काढलेले.

नटवलेल्या घरात विटांच्या भिंतीवर इंचभर जाडीच्या फळ्या ठोकलेल्या असतात. सगळ्या एका रुंदीच्या, यंत्राने कापलेल्या, खुंटी नाही, तिरकी पट्टी खांबाला न भेटता मध्येच संपते. मजल्याची पातळी एकीकडे आणि आडवी पट्टी भलतीकडे, असं दिसलं की समजा हा नुसता मेकअप.

आणि काळ्या-पांढऱ्या रंगाला भुलू नका. ओक उघडा ठेवला की रुपेरी करडा होतो. पुष्कळ घरांवर लाकूड आणि कूड या दोन्हींवरून सरसकट चुना फिरवत. काळंभोर लाकूड आणि पांढरी भिंत हा थाट मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला. खरं घरही तेव्हा काळं रंगवलं गेलं असेल, म्हणजे रंगावरून वय काढता येत नाही, दोन्ही बाजूंनी नाही.

पुढे आलेला मजला, म्हणजे 'जेटी', झरोखा नव्हे. झरोखा भिंतीला तोड्यांवर टांगलेला असतो, तो काढला तरी घर उभं राहतं. इथे मजल्याच्या कड्याच खालच्या भिंतीवरून फूट-दीड फूट बाहेर येतात आणि वरची पूर्ण भिंत त्यांच्या टोकांवर बसते. टोकांवरच्या त्या वजनाने कडी मध्ये कमी झुकते, हा त्यातला एक फायदा. पोळेतल्या घरांचा वरचा मजला कधी असाच बाहेर येतो, तुलना करायची तर त्याच्याशी करा. घर कोपऱ्यावरचं असेल आणि दोन्ही बाजूंनी पुढे आलेलं असेल, तर कोपऱ्यात तिरकी जाड तुळई लागते, तिला 'ड्रॅगन बीम' म्हणतात. तिच्याखालचा कोपऱ्याचा खांब बघायला विसरू नका, सगळा भार तिथे येतो.

कड्या खालून दिसत असतील तर त्यांचं माप डोळ्यांनी घ्या. जुन्या कड्या आडव्या झोपवलेल्या असतात, रुंदी जास्त आणि उंची कमी. आज आपण उलट, उभी कडी घालतो आणि ते बळकटीला बरंही असतं. झोपलेल्या, जाड आणि जवळजवळ लावलेल्या कड्या दिसल्या की घर जुन्यांतलं.

ऑल सेंट्स स्ट्रीटवर १२५ क्रमांकाचं 'शोव्हेल्स' नावाचं पंधराव्या शतकातलं घर आहे, हे सगळं पाहायला ते एकच पुरे. ॲडमिरल क्लाउडस्ली शोव्हेलची आई तिथे राहत होती असं सांगतात. ती दंतकथा धरून चाला आणि सांधे बघा.

पाणीगेट_पूर्व

हाय स्ट्रीटवरची बरीचशी घरं तर सरळ विटांची आहेत, अठराव्या शतकातली. ती पाहण्यात वेळ घालवू नका, लाकडाचं सगळं ऑल सेंट्सवर आहे. आणि तिथे म्हणे विटांवर कर होता, म्हणून काहींनी विटांऐवजी कौलं लावली.

ओक_आणि_साग

पाणीगेटकर, नेमकं तिथेच चुकतं. हाय स्ट्रीटवर वीट दिसली म्हणून घर विटांचं ठरत नाही. अठराव्या शतकात लाकडी घर जुनाट वाटायला लागलं, पाडून नवं बांधायला पैसे नव्हते, म्हणून तोंड तेवढं बदललं. कुणी चुन्याचा गिलावा केला, कुणी खवल्यांसारखी कौलं टांगली, आणि कुणी 'मॅथेमॅटिकल टाइल्स' लावल्या. या टाइलचा दिसणारा भाग हुबेहूब विटेच्या दर्शनी बाजूएवढा, वरचा पातळ भाग पुढच्या रांगेखाली लपतो आणि खिळ्याने फळीला ठोकतात. दर्जात, म्हणजे मधल्या फटींत, चुना भरला की विटांची भिंत तयार. ससेक्सच्या या किनाऱ्यावर, लुइस आणि ब्रायटनपासून इथवर, हा प्रकार बराच दिसतो.

कराची गोष्ट सगळे सांगतात, पण टिकत नाही. विटांवर कर आला १७८४ मध्ये, आणि त्याच कायद्याने कौलांवरही आला. शिवाय अशा टाइल्स त्याच्या कितीतरी आधीपासून लागत होत्या. बुजवलेल्या खिडक्यांचंही तसंच. खिडक्यांवरचा कर १६९६ ते १८५१ होता हे खरं, पण दर्शनी भाग सारखा दिसावा म्हणून सुरुवातीपासूनच आंधळ्या ठेवलेल्या खिडक्याही असतात.

ओळखायचं असं. कोपरा बघा: साध्या टाइलला कोपरा वळवता येत नाही, म्हणून तिथे बहुधा लाकडाची उभी पट्टी किंवा नुसता गिलावा असतो. खिडकी बघा: खऱ्या विटांच्या भिंतीत चौकट बहुधा चार इंच तरी आत असते, इथे जवळजवळ भिंतीच्या रेषेत. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे वरचा 'विटांचा' मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. एवढ्या विटा हवेत कोण तोलून धरणार? मागे लाकूडच. (बोटांनी वाजवून पाहिलं तर पोकळ आवाज येतो. पण ती लोकांची राहती घरं आहेत, वाजवू नका.)

आणखी एक लबाडी असते. पुढे आलेल्या मजल्याखाली नवी विटांची भिंत त्याच रेषेत आणतात, म्हणजे जेटी दिसेनाशी होते. अशा घराच्या बाजूच्या बोळात शिरा. बाजूच्या भिंतीचं तोंड बदलायला सहसा कुणी पैसे घालत नाही, तिथे सांगाडा उघडा पडतो. छप्परही खोटं बोलत नाही. दर्शनी भाग अठराव्या शतकातला सपाट, आणि वर पंचेचाळीस अंशांहून उभट, लहान मातीच्या कौलांचं, मध्ये पाठ बसलेलं छप्पर असेल तर खालचं घर त्या दर्शनी भागापेक्षा जुनं.

म्हणून हाय स्ट्रीटला निदान दीड तास द्या.

पाणीगेट_पूर्व

कर कौलांवरही होता हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

बोळांबद्दल थोडं. त्यांना ससेक्समध्ये 'ट्विटन' म्हणतात. आपल्या पोळेशी तुलना करायचा मोह होतो, पण पोळेला दरवाजा असतो, रात्री बंद होणारा, आत एकमेकांना ओळखणारी वस्ती. ट्विटन म्हणजे दोन रस्त्यांमधली निव्वळ वाट. दोघांना समोरासमोरून जाता येणार नाही इतकी अरुंदही असते. पायऱ्या झिजलेल्या, पावसात शेवाळ. गुडघेवाल्यांनी त्यात उतरायची हौस करू नये, वरूनच डोकावावं. ऑल सेंट्स स्ट्रीटच्या बाजूला त्रिकोणी पिवळं घर आहे, लोक त्याला 'पीस ऑफ चीज' म्हणतात. ते बोळाच्या तोंडाशीच दिसतं, फार आत जावं लागत नाही.

सेंट क्लेमेंट्सच्या मनोऱ्यावर खिडकीच्या दोन्ही अंगांना तोफेचे गोळे रुतलेले दिसतील. त्यातला एकच खरा, सतराव्या शतकातल्या समुद्रावरच्या माऱ्यातला. दुसरा जोडी दिसावी म्हणून मागाहून बसवला. चर्च स्वतः १३७७ च्या फ्रेंच जाळपोळीनंतर पुन्हा बांधलेलं. रोझेटी या चित्रकार-कवीचं एलिझाबेथ सिडलशी लग्न इथेच झालं, २३ मे १८६० ला. ऑल सेंट्समध्ये गेलात तर वेदीकडच्या कमानीवर अखेरच्या न्यायनिवाड्याचं पंधराव्या शतकातलं भित्तिचित्र आहे. तांबेकर वाड्यातली चित्रं पाहिलेल्यांनी दहा मिनिटं काढावीतच.

कातचुना

नेट शॉप्समध्ये जाळी विकत नसत. इथे 'शॉप' शब्द जुन्या अर्थाने, कोठी किंवा कारखाना या अर्थाने आहे. जाळी तिथे वाळवतही नसत, तीही एक गैरसमजूत. वाळवायची बाहेर किनाऱ्यावर, कोरडी झाली की आत ठेवायची.

उंच का, तर जमीन नव्हती. मागे कडा, पुढे समुद्र, मधे गोट्यांची अरुंद पट्टी. म्हणून पाया आठ-नऊ फूट चौरस आणि मग वर तीन मजले. आत जिना नसतो, शिडी आणि मजल्यात झडप. जड सामान खाली, जाळी वर. बंधारे घातल्यावर पश्चिमेकडून वाहत येणारे गोटे साचत गेले आणि किनारा रुंदावला. त्याआधी लाटा या खोल्यांच्या पायाशी येत.

ही सगळी उठाठेव का, हे धाग्यात आहे. जाळी सुताची आणि तागासारख्या धाग्यांची. ओली गुंडाळून ठेवली तर आठवड्यात कुजायला लागते. त्यावर इंग्लंडच्या किनाऱ्यावर उपाय होता टॅनिनचा: आधी ओकची साल, नंतर आपल्याकडून आणि ब्रह्मदेशातून जाणारा कात. हो, विड्यातलाच, खैराचं लाकूड उकळून काढलेला. मोठ्या कढईत कात उकळायचा, त्यात जाळी आणि शिडांचं कापड बुडवायचं, वाळवायचं, आणि हंगामात पुन्हा पुन्हा हेच. जुन्या चित्रांतली शिडं तांबूस-तपकिरी का, त्याचं उत्तर पानदानात आहे. नायलॉन आल्यावर ना कात लागला, ना कोरडी कोठी.

जवळून पाहायचं ते फळ्यांचं काम. फळी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. वरची फळी खालचीवर इंच-सव्वा इंच चढवलेली. खिळा ठोकताना तो खालच्या फळीच्या वरच्या कडेच्या किंचित वरून जायला हवा, म्हणजे एका खिळ्यात एकच फळी अडकते. दोन्ही फळ्यांतून खिळा घातला की लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, हलायला जागा मिळत नाही आणि फळी लांबीच्या दिशेने चिरते. डागडुजी झालेल्या खोल्यांत अशी चीर शोधा, सापडेल. दुसरी खराब होणारी जागा म्हणजे तळाची फळी. जमिनीवर आपटून उडालेलं पाणी तिला आधी कुजवतं.

काळा रंग डांबराचा. तेलरंग समुद्राच्या वाऱ्यात पोपडे धरतो आणि पोपड्याआड पाणी राहतं. डांबराचा हात मात्र जुन्यावरच पुन्हा देता येतो. उन्हाच्या दिवशी टेकून उभे राहू नका, कपडे जातील. या खोल्या ग्रेड टू स्टार दर्जाच्या संरक्षित इमारती आहेत आणि बऱ्याच आजही वापरात आहेत, त्यामुळे उघड्या दारातून आत शिरू नका.

शेजारीच फिशरमेन्स म्युझियम आहे, प्रवेश फुकट, दानपेटी आहे. इमारत म्हणजे १८५४ चं मच्छीमारांचं चर्च. आत 'एंटरप्राइझ' ही १९१२ ची अख्खी शिडाची होडी. ती आत आणायला भिंत फोडावी लागली होती. बाहेर 'द स्टेड' म्हणजे होड्या ओढून ठेवायचा किनारा. बंदर नाही (१८९० च्या दशकात बांधायला घेतलेलं अर्धवटच राहिलं), म्हणून होड्या गोट्यांवरून ढकलून पाण्यात घालतात आणि परत ओढून वर घेतात. किनाऱ्यावरून सुटणारा युरोपातला सगळ्यात मोठा ताफा म्हणून त्याचं नाव आहे. गोट्यांवर चप्पल चालत नाही, घोटा धरणारे बूट घाला.

जेवणाचं: फिश अँड चिप्सवाल्यांत काही जण बटाटेसुद्धा गायीच्या चरबीत तळतात. शाकाहारी असाल तर 'व्हेजिटेबल ऑइल' आहे का ते आधी विचारा. बाकी सेव उसळीची सर तिथे कशालाच नाही, हे मनाशी धरूनच जा.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे आभार, क्रम सुरसागरकरांनी सांगितला तोच ठरला. ताई, आणखी दोन शंका. पाचशे वर्षं जुनं ओक कुजतं ते कुठे, म्हणजे रस्त्यावरून काय बघावं? आणि तिथे वाळवीचं काय करतात?

ओक_आणि_साग

वाळवीचा प्रश्न तिथे नाही असंच धरा. बडोद्यात उधई सागालाही सोडत नाही, विशेषतः ओल असलेल्या भिंतीत शिरलेल्या टोकाला. तिथला शत्रू म्हणजे डेथवॉच नावाचा भुंगेरा. त्याची अळी ओलसर, बुरशी लागलेल्या ओकमध्ये वर्षानुवर्षं पोखरत राहते. बाहेर पडायचं भोक सुमारे तीन मिलिमीटरचं. साध्या फर्निचरच्या किड्याचं दीड-दोन मिलिमीटरचं. खांबाच्या तळाशी तीन मिलिमीटरची भोकं दाटीने दिसली तर तिथे ओल आहे, किडा हा परिणाम.

आणि ओल बहुतेक वेळा माणसाने आणलेली. सगळ्या सांगाड्याखाली जोत्यावर एक आडवी तुळई असते, खांब तिच्यावर उभे. शतकानुशतकं रस्त्याची पातळी चढत जाते आणि ती तुळई जमिनीला टेकते. मग कुणीतरी कुडावर सिमेंटचा गिलावा करतं. चुना ओल शोषतो आणि वाऱ्यावर सोडतो. सिमेंट सोडत नाही. लाकूड आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, कारण लाकूड हलतं आणि सिमेंट हलत नाही. त्या फटीतून पाऊस आत जातो आणि तळाच्या तुळईवर बसून राहतो. वरून भिंत ठणठणीत, आत लाकडाचा भुगा. आपल्या वाड्यांत सिमेंट मारून सागाच्या खांबांची बुडं घालवतात, अगदी तेच.

रस्त्यावरून बघा ते असं: खांबाच्या बुडाशी नव्या, पिवळसर ओकचा तुकडा जोडलेला दिसतो का? तिरक्या लांब सांध्याने जोडून खुंट्या मारल्या असतील तर ते चांगलं काम. सडकं तेवढं कापलं आणि निरोगी लाकूड राखलं. खांब आणि गिलावा यांच्यामध्ये सरळ काळी रेघ, गिलावा कडक राखाडी, तर सिमेंट. कड मऊ, थोडी गोलसर, रंग पिवळट पांढरा, तर चुना.

उभ्या लांब चिरांना घाबरू नका. ओक ओलाच बसवलेला, तो आडवा आकसतो, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून अशा चिरा पहिल्या काही वर्षांतच पडतात आणि निरुपद्रवी असतात. घर तिरकं दिसतं तेही बरंचसं त्याच काळातलं. साग कमी आकसतो, म्हणून आपल्याकडे घरं सरळ राहिली आणि कोरीवकाम टिकलं.

सांध्याशेजारी खरवडलेल्या रेघा दिसल्या तर फोटो घ्या. प्रत्येक सांधा एकमेकांत बसवून वेगळा कापलेला असे, दुसऱ्या जागी बसत नसे. सुतार आपल्या आवारात सगळा सांगाडा जमिनीवर जोडून बघत, जोडीला एकच खूण कोरत, मग सुटा करून जागेवर नेत. रोमन आकडेच, पण चार म्हणजे चार उभ्या रेघा. पाचची खूण असलेला टेकू पाचच्या खांबाला भेटत नसेल तर घर कधीतरी उतरवून पुन्हा उभं केलंय किंवा लाकूड दुसरीकडून आणलंय. उन्हं तिरपी असताना खुणा उठून दिसतात.

सुरसागरची_पाळ

फोटो आणि मापांचं राहिलं. रस्त्यावरून घराच्या बाहेरचे फोटो काढायला काही अडचण नाही. खिडकीतून आतले काढू नका, खिडक्या थेट फूटपाथला लागून आहेत आणि आत माणसं जेवत असतात. भिंतीला टेप लावायचा असेल तर दार वाजवून विचारा. नको म्हणाले तर वीटच माप म्हणून वापरा: जुन्या विटांचे चार थर आणि चार दर्जा मिळून साधारण एक फूट. शेजारी माणूस उभा करून फोटो काढला की उरलेला हिशेब बडोद्यात बसून होतो.

जाण्याआधी 'नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड' वर घरक्रमांक घालून नोंदी छापून घ्या, फुकट आहेत. पण पुष्कळ नोंदी जुन्या आणि दोन-तीन ओळींच्या, रस्त्यावरून पाहून लिहिलेल्या. 'अठराव्या शतकातील विटांचा दर्शनी भाग' असं वाचलंत की ताईंनी सांगितलेला कोपरा आणि खिडकी तपासा. उजेड सकाळी पश्चिमेकडच्या रांगेवर, म्हणजे पूर्वेला तोंड असलेल्या घरांवर असतो, दुपारी समोरच्या रांगेवर. ऑल सेंट्स स्ट्रीटला दोनच्या आत लागा.